शहरातील गच्चीवरून तेजोमेघांचे छायाचित्रण

पुण्याच्या मध्यवस्तीतील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून जानेवारीतील निरभ्र रात्रीसुद्धा मृगाचे ठळक तारे, त्याच्या मागोमाग वर येणारा व्याध आणि इकडेतिकडे विखुरलेले काही तुरळक ठिपके, एवढेच नुसत्या डोळ्यांना दिसते. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये रात्रीच्या आकाशासाठी नऊ पायऱ्यांची जी मापपट्टी मांडली, तिच्यावर (पहिली पायरी सर्वांत काळोखी, नववी सर्वांत उजळ) हे आकाश आठव्या पायरीवर बसते. अशा आकाशातून तेजोमेघाचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगाचे, छायाचित्र निघू शकते, यावर मलाही पहिली दोन वर्षे विश्वास नव्हता. आता याच गच्चीवरून दर हिवाळ्यात दोन-तीन तेजोमेघ मी नीट टिपतो, आणि त्यासाठी कोणत्या गोष्टींची खरोखर गरज असते व कोणत्यांची नसते, हे सविस्तर लिहावे असे वाटले. मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात असलेला रोझेट तेजोमेघ, म्हणजे एनजीसी २२३७, हे उदाहरण मी शेवटपर्यंत समोर ठेवणार आहे, कारण शहरातून सुरुवात करणाऱ्याला त्याच्याइतके सोयीचे लक्ष्य क्वचितच मिळते.

शहराचा उजेड आणि तेजोमेघाचा उजेड

रोझेटसारखे तेजोमेघ स्वतः प्रकाशतात. त्यांच्या पोटात जन्मलेल्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे भोवतालच्या वायूचे आयनीभवन होते आणि तो वायू काही ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाश बाहेर टाकतो. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते, तर दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनच्या निळसर हिरव्या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर असतात. आपल्याला हव्या असलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग या मोजक्या रेषांत सामावलेला असतो. शहराचा उजेड मात्र सगळ्या रंगांत पसरलेला असतो. पांढऱ्या एलईडी दिव्याच्या वर्णपटात ४५० नॅनोमीटरच्या आसपास एक टोकदार शिखर असते आणि तेथून पुढे हिरव्या-पिवळ्या भागातून लालपर्यंत उतरत गेलेला एक रुंद उंचवटा असतो. म्हणूनच पारा आणि सोडियमच्या दिव्यांचा ठरावीक रंग अडवण्यासाठी बनवलेले जुन्या पद्धतीचे फिल्टर आजच्या रस्त्यांवरच्या दिव्यांपुढे फारसे उपयोगी पडत नाहीत.

यावरचा उपाय म्हणजे दोन अरुंद पट्ट्यांचा फिल्टर, ज्याला सगळे ड्युअल-बँड म्हणतात. सात नॅनोमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या असलेला फिल्टर ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या संपूर्ण दृश्य वर्णपटातील केवळ १४ नॅनोमीटर आत सोडतो. म्हणजे आकाशाचा पसरट उजेड ढोबळमानाने विसाव्या हिश्शावर येतो, पण तेजोमेघाच्या रेषा जवळपास पूर्ण तेजाने आत येतात. शहरातील छायाचित्रणाचे सारे गणित या एका तफावतीवर उभे आहे, आणि त्यामुळेच पैसे मोजके असतील तर मोठ्या दुर्बिणीआधी चांगला फिल्टर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

हे न समजल्यामुळे मी कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुक्यावर सलग तीन रात्री घालवल्या आणि हाती एक मळकट करडा चौकोन आला. तो परावर्तन तेजोमेघ आहे. तेथील धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परतवते, आणि तो प्रकाशही शहराच्या उजेडासारखाच सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे फिल्टर दोघांना सारखेच कापतो. परावर्तन तेजोमेघ, काळ्या धुळीचे मेघ आणि दीर्घिकांच्या अंधूक कडा ही लक्ष्ये गावाबाहेरच्या रात्रीसाठी राखून ठेवावीत. आकाशाचा उजेड प्रतींत मोजतात आणि आकडा जितका मोठा तितके आकाश काळोखे; शहरातील आकाश प्रति चौरस विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) १८ प्रतीचे आणि अंधाऱ्या खेड्यातील २१.५ प्रतीचे धरले, तर साडेतीन प्रतींचा हा फरक तेजाच्या हिशेबात सुमारे २५ पट होतो. फिल्टरचा उपयोग नसलेल्या अंधूक लक्ष्यासाठी, तेथे एका तासात जे मिळते ते येथे मिळवायला २५ तास लागतात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे. धूळ आणि परावर्तन तेजोमेघ टिपायचे असतील, तर अशा ठिकाणच्या दोन रात्री गच्चीवरच्या अख्ख्या हंगामापेक्षा मोलाच्या ठरतात.

लक्ष्य आणि हंगाम

रोझेट सुमारे ८० कला, म्हणजे जवळजवळ सव्वा अंशाहून थोडा जास्त रुंद आहे. पूर्ण चंद्राच्या अडीच पटींपेक्षाही मोठा. पुण्याच्या अक्षांशावरून तो मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तेव्हा क्षितिजापासून जवळपास ७६ अंश उंच असतो, त्यामुळे शहराच्या उजेडाचा सर्वांत दाट थर आपोआप टाळला जातो. डिसेंबरअखेर तो रात्री साडेबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यात साडेनऊच्या सुमारास माथ्याजवळ पोहोचतो. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असेल, त्याने फेब्रुवारीच निवडावा.

मृगातील एम ४२ हा तेजोमेघ याहून कितीतरी तेजस्वी आहे, आणि ज्याच्याकडे केवळ साधा डीएसएलआर आहे त्याने तेथूनच आरंभ करावा. मात्र त्याच्या मध्यावरची ट्रॅपिझियमची चार ताऱ्यांची जुळणी लांब एक्स्पोजरमध्ये जळून पांढरी होते, म्हणून पाच-दहा सेकंदांची वेगळी छायाचित्रे घेऊन ती नंतर मिसळावी लागतात. उन्हाळ्यात धनु राशीतील लगून तेजोमेघ, म्हणजे एम ८, मेच्या मध्यात पहाटे तीनच्या सुमारास दक्षिणेला ४७ अंशांवर येतो. दक्षिणेकडे मोठा रस्ता किंवा बाजारपेठ असेल तर त्याचा नाद सोडावा. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्याकडे हिशेबात धरूच नयेत.

चंद्राचा विचार पंचांगावरून सहज करता येतो. संकष्टीचा चंद्रोदय साधारणपणे रात्री नऊच्या सुमारास होतो आणि त्यानंतर तो दर रात्री सरासरी ५० मिनिटांनी लांबत जातो, त्यामुळे वद्य सप्तमी-अष्टमीपासून अमावास्येपर्यंत मध्यरात्रीपूर्वीचे आकाश मोकळे मिळते. हायड्रोजनच्या लाल रेषेवर चंद्राचा परिणाम कमी होतो, ऑक्सिजनच्या रेषेवर जास्त होतो. म्हणून चांदण्या रात्री काम करायचेच असेल, तर चंद्रापासून किमान ६० अंश दूर असलेले आणि मुख्यतः लाल असलेले लक्ष्य घ्यावे. दिवाळीची अमावास्या मात्र कागदावर कितीही आकर्षक दिसली तरी धुरामुळे वाया जाते.

साहित्य

तेजोमेघ मोठे असतात, त्यामुळे येथे लहान दुर्बीण मोठीपेक्षा उपयोगी ठरते. ११.३ मिलिमीटरची चौरस चिप असलेला कॅमेरा २५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला लावला, तर चौकटीत सुमारे २.६ अंश आकाश मावते आणि रोझेटभोवती मोकळी जागा उरते. तोच कॅमेरा १००० मिलिमीटरच्या परावर्ती दुर्बिणीला लावला तर चौकट जेमतेम ०.६५ अंशाची होते आणि तेजोमेघाचा फक्त मधला तुकडा हाती येतो. ५० ते ७० मिलिमीटर व्यासाची, एफ/५ ते एफ/६ ची (नाभीय अंतर व्यासाच्या पाच-सहा पट असलेली) छोटी अपवर्ती दुर्बीण नवशिक्याला पुरेशी आहे.

साध्या डीएसएलआरमध्ये चिपवर बसवलेला फिल्टर ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा साधारण चौथा हिस्साच आत सोडतो, हे त्याचे मुख्य वैगुण्य होय. तो फिल्टर जाणकाराकडून बदलून घेतला तर जुना कॅमेराही उत्तम काम देतो. थंड करता येणारा खगोलीय कॅमेरा असेल तर उणे १० अंश सेल्सिअस हे तापमान हिवाळ्यात सहज गाठता येते. मेमध्ये गच्ची रात्रीही तापलेली असते, तेव्हा शून्यावर समाधान मानावे. तापमान कमी असण्यापेक्षा ते रात्रभर स्थिर असणे महत्त्वाचे आहे. रंगीत चिपच्या चार पिक्सेलपैकी लाल एकच असतो, त्यामुळे हायड्रोजनचा प्रकाश चिपच्या पाव भागावरच नोंदला जातो. ही मर्यादा मान्य करून थोडा जास्त वेळ द्यावा. लगेच कृष्णधवल कॅमेरा आणि फिल्टरचे चाक घेण्याच्या खर्चात पडू नये.

सीस्टार एस५० सारखी स्मार्ट दुर्बीण ज्यांच्याकडे आहे, त्यांना ड्युअल-बँड फिल्टर आतच मिळतो. तिची चौकट लहान असल्याने रोझेटसाठी मोझेक पद्धत, म्हणजे शेजारशेजारच्या चौकटी टिपून जोडणे, वापरावी. अशी दुर्बीण उभ्या-आडव्या अक्षांवर फिरत असेल तर चौकटीतील आकाश हळूहळू गोल फिरते, आणि लक्ष्य माथ्याजवळ असताना हे फिरणे इतके जलद होते की दहा सेकंदांतही कोपऱ्यातील तारे ओढल्यासारखे दिसतात. लक्ष्य ३० ते ६० अंशांच्या उंचीवर असतानाच चित्रे घ्यावीत.

गच्चीवरची मांडणी

सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी आणि रात्रपाळीच्या वॉचमनला आधी कल्पना द्यावी. पहाटे दोनला गच्चीवर लाल टॉर्च घेऊन वावरणारा माणूस कोण, हा प्रश्न मग कोणाला पडत नाही. ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध ठेवू नये, कारण तेथे पाऊल टाकले तरी स्लॅब थरथरतो. जिथे खालून तुळई किंवा खांब गेलेला असेल, तेथे कठड्याजवळ तो ठेवावा. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि तारे थरथरते दिसतात. म्हणून संध्याकाळचा वेळ मांडणी, ध्रुवसंधान (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे वळवणे) आणि फोकस यांत घालवून मुख्य चित्रे नंतर सुरू करावीत.

आकाशाच्या एकंदर उजेडावर आपला इलाज नसला, तरी समोरच्या इमारतीच्या जिन्यातील दिवा किंवा गल्लीतील खांब यांचा थेट उजेड दुर्बिणीच्या तोंडात शिरू न देणे आपल्या हातात आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाड काळे कापड टांगावे आणि दुर्बिणीच्या दवरोधक नळीला काळ्या क्राफ्ट शीटची आणखी २० सेंटिमीटर जोड द्यावी. मी हे केले त्या रात्रीपासून माझ्या चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात पसरणारा उजेडाचा डाग पूर्णपणे नाहीसा झाला. पहाटे दव पडते, म्हणून भिंगाभोवती दवरोधक हीटरची पट्टी बांधावी. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ती चालते आणि लिफ्टच्या खोलीतून वायर ओढावी लागत नाही.

ध्रुवसंधान आपल्या अक्षांशावर जरा कटकटीचे असते. पुण्यातून खगोलीय ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर असतो, आणि शहरात तेवढ्या उंचीवर बहुधा शेजारची इमारत उभी असते. ध्रुवतारा दिसलाच तर तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे हे लक्षात ठेवावे. केवळ तारा मध्यावर आणून भागत नाही. दिसत नसेल तर निना या विनामूल्य सॉफ्टवेअरमधील तीन बिंदूंची पद्धत वापरावी. आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागात माउंट तीनदा फिरवून ती अक्षाची चूक काढते आणि माउंटचे स्क्रू किती फिरवायचे तेही दाखवते. इतक्या कमी अक्षांशावर माउंटचा ध्रुवाक्ष बराच आडवा होतो आणि वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतो. रात्री सुरू करण्यापूर्वी माउंट हाताने पूर्ण फिरवून पाहावा. फोकससाठी व्याध किंवा काक्षी हा तारा घेऊन बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस अचूक जुळला की नाही हे दाखवणारी खाचांची चकती, दुर्बिणीच्या तोंडावर लावावा, आणि तापमान उतरते तसे दर तास-दीड तासाने फोकस पुन्हा तपासावा.

एक्स्पोजर किती द्यावे

हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांनी एकाच काचेला ५१ मिनिटे एक्स्पोजर दिले होते. आपल्या शहरात तसे केले तर संपूर्ण चित्र आकाशाच्या उजेडाने भरून जाईल, म्हणून आपण अनेक लहान एक्स्पोजर घेऊन नंतर त्यांची सरासरी काढतो. एफ/५ ची दुर्बीण आणि सात नॅनोमीटरचा फिल्टर असताना १८० ते ३०० सेकंद हे एक्स्पोजर योग्य असते. फिल्टर नसेल तर २०-३० सेकंदांतच आकाश पुरेसे उजळते आणि त्यापुढे जाण्यात लाभ नसतो. हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून सुटून उभा राहिला, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज आकाशाच्या नॉइजमध्ये बुडाला असे समजावे. यापेक्षा एक्स्पोजर वाढवले तर तारे जळतात आणि एखादे विमान गेले की पाच मिनिटे फुकट जातात.

एकूण वेळ मात्र वाढवलाच पाहिजे. चित्राची स्वच्छता वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. एका तासापेक्षा दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर चार तास लागतात, तिप्पट हवे असेल तर नऊ. रोझेटच्या लाल पाकळ्या दोन तासांतही दिसू लागतात, पण मध्यावरचा ऑक्सिजनचा निळसर भाग आणि त्यावरून जाणाऱ्या काळ्या धुळीच्या रेघा स्पष्ट यायला सहा तासांहून कमी वेळ पुरत नाही. हे तास एकाच रात्री मिळायला हवेत असे नाही. तीन-चार रात्री चौकट आणि कॅमेऱ्याचा कोन तोच ठेवून ते जमवावेत.

गायडिंग, म्हणजे एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत सुधारणे, पीएचडी२ या सॉफ्टवेअरने करावे. २५० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल आकाशातील सुमारे ३ विकलांएवढा असतो, त्यामुळे दीड विकलांची सरासरी चूक निश्चिंतपणे चालते. गायडिंगचा आलेख अधिक सपाट करण्याच्या मागे लागून रात्र घालवू नये. प्रत्येक दोन-तीन एक्स्पोजरनंतर चौकट काही पिक्सेल हलवण्याची, म्हणजे डिदरिंगची, सोय मात्र अवश्य चालू ठेवावी. नाहीतर अनेक तासांची चित्रे जोडल्यावर चिपचे स्वतःचे डाग तिरक्या पावसाच्या धारांसारखे उमटतात. रोझेट मध्यमंडल ओलांडतो तेव्हा माउंट पलटी घेतो, त्या वेळी केबल अडकत नाही हे जागे राहून पाहावे.

फ्लॅट चित्रांकडे शहरात दुर्लक्ष करू नये

डार्क चित्रे, म्हणजे दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेली, तेवढ्याच तापमानाला आणि तेवढ्याच एक्स्पोजरची २०-३० घ्यावीत, याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. फ्लॅट चित्रांबद्दल मात्र आहे; ही एकसारख्या उजळ पडद्याची चित्रे असतात आणि त्यांच्या आधारे कडेची काळोखी व धुळीचे डाग दुरुस्त होतात. अंधाऱ्या ठिकाणी आकाशाची पार्श्वभूमी जवळजवळ काळी असते, त्यामुळे दुर्बिणीच्या कडेला येणारी काळोखी आणि काचेवरील धुळीच्या कणांची वर्तुळे फारशी जाणवत नाहीत. शहरात पार्श्वभूमीच उजळ असते. कडेला २० टक्के काळोखी असेल तर त्या उजळ पार्श्वभूमीतून २० टक्के कापले जातात, आणि तो फरक तेजोमेघाच्या अंधूक टोकांपेक्षा कितीतरी मोठा असतो. अशा चित्रात तेजोमेघ उजळवायला गेले की आधी धुळीची वर्तुळेच उजळतात. म्हणून रात्रीचे काम संपल्यावर, कॅमेरा न काढता, न फिरवता, फिल्टर तसाच ठेवून दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेला पांढरा सुती कपडा दोन पदरी ताणून बसवावा आणि त्यावर पांढऱ्या पडद्याचा टॅब्लेट ठेवून ३० चित्रे घ्यावीत. हिस्टोग्राम मध्याच्या थोडा अलीकडे असावा. दुसऱ्या रात्री कॅमेरा पुन्हा लावला तर फ्लॅटही पुन्हा घ्यावेत. मागच्या रात्रीचे चालवून घेण्याचा मोह मी केलेला आहे आणि त्यात सहा तासांचे चित्र दुरुस्तीपलीकडे गेले.

संगणकावर

सिरिल हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि या कामाला पूर्ण पुरे पडते. ड्युअल-बँड फिल्टरच्या चित्रांसाठी त्यात तयार स्क्रिप्ट मिळते, जी लाल पिक्सेलमधून हायड्रोजन आणि हिरव्या-निळ्या पिक्सेलमधून ऑक्सिजन वेगळा करून दोन स्वतंत्र चित्रे देते. दोन्ही जोडून झाल्यावर, काहीही उजळवण्यापूर्वी, शहराच्या उजेडाचा उतार काढावा. ग्रॅक्सपर्ट हे सॉफ्टवेअर किंवा सिरिलमधील पार्श्वभूमी काढण्याची सोय यांपैकी काहीही चालेल, पण नमुन्याचे ठिपके, म्हणजे सॉफ्टवेअर जिथे रिकाम्या आकाशाचा उजेड मोजते त्या जागा, एकेक करून स्वतः तपासावेत. रोझेट चौकटीचा मोठा भाग व्यापतो, आणि सॉफ्टवेअरने त्याच्या पाकळ्यांवर ठेवलेला एक ठिपकासुद्धा तेजोमेघालाच शहराचा उजेड समजून वजा करतो. शंका आली तर ठिपके कमी करावेत. सहा-आठ नीट निवडलेले पुरतात.

यानंतर ऑक्सिजनचे चित्र हायड्रोजनपेक्षा बरेच फिकट दिसेल. त्याला थोडे अधिक उजळवावे, मग हायड्रोजन लाल वाहिनीत आणि ऑक्सिजन हिरव्या व निळ्या वाहिनीत घालावा. स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे करून ठेवले तर तेजोमेघावर काम करताना ताऱ्यांभोवती वलये उठत नाहीत. फिल्टरमधून आलेल्या ताऱ्यांचे रंग खोटे असतात, म्हणून एखाद्या रात्री फिल्टर काढून २० सेकंदांची ५०-६० चित्रे घ्यावीत आणि त्यांतील तारे शेवटी मिसळावेत. मध्यावरच्या समूहातील निळे तारे तेव्हाच निळे दिसतात. तपशील आपोआप रेखीव करणारी साधने हात राखून वापरावीत. काळ्या धुळीची जी रेघ कच्च्या जोडचित्रात नुसत्या डोळ्यांना अजिबात सापडत नाही, ती अंतिम चित्रात उमटली असेल, तर ती ठेवू नये आणि पुढच्या वद्य पक्षात आणखी तास घ्यावेत.

मूळ कच्ची चित्रे, फ्लॅट आणि डार्क हे सर्व तारीखवार फोल्डरमध्ये जपावे, आणि चौकटीचा कोन व मध्यबिंदू एका वहीत लिहून ठेवावा. पुढच्या डिसेंबरमध्ये त्याच कोनात दुर्बीण लावली की या वर्षीच्या सहा तासांत त्या वर्षीचे तास थेट मिळवता येतात.